‘हे खरे नाही’ या उत्तराच्या पुढे: आरोग्याचा प्रश्न सभागृहात कसा विचारावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमच्या ताई पहिल्यांदाच विधानसभेवर निवडून आल्या आहेत. मतदारसंघात दोन आदिवासी तालुके येतात. तुम्ही त्यांचे विधिमंडळाचे काम पाहता. पहिल्याच अधिवेशनात बालमृत्यू आणि डॉक्टरांच्या रिक्त जागा यांवर तारांकित प्रश्न, म्हणजे ज्यावर सभागृहात तोंडी उपप्रश्न विचारता येतात असा प्रश्न, दिला. तो यादीत आला, पण सभागृहात पुकारला गेलाच नाही. छापील उत्तर हातात पडले ते चार ओळींचे: ‘(१) हे खरे नाही. (२) हे अंशतः खरे आहे. (३) रिक्त पदे भरण्याची कार्यवाही सुरू आहे. (४) प्रश्न उद्भवत नाही.’ गावातल्या लोकांना आता काय सांगायचे आणि पुढच्या अधिवेशनात काय वेगळे करायचे, असे तुम्ही विचारले आहे.

मी एकवीस वर्षे हेच काम करते आहे. त्याआधी सहा वर्षे गावपातळीवर आरोग्याचे काम केले. तीन आमदारांसाठी प्रश्न लिहिले. दोघे विधानसभेतले, एक विधान परिषदेतले. कधी विरोधी बाकांवर, कधी सत्ताधारी. तुम्हाला मिळाले तसेच उत्तर मलाही पहिली तीन वर्षे मिळत होते, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी तुमचा प्रश्न पाहू. ‘तालुक्यात कुपोषणामुळे अनेक बालकांचा मृत्यू झाल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय?’ या वाक्यात तीन शब्द असे आहेत की प्रत्येकाला धरून विभाग ‘नाही’ म्हणू शकतो. ‘अनेक’ म्हणजे किती? ‘निदर्शनास आले’ म्हणजे कुणाच्या? आणि सगळ्यात मोठा अडसर ‘कुपोषणामुळे’ हा. कुपोषित मूल दगावते तेव्हा मृत्यूच्या कारणात कुपोषण सहसा लिहिलेले नसते. तिथे न्यूमोनिया असतो, अतिसार असतो, जंतुसंसर्ग असतो, ‘कमी वजन’ असते, ‘अकाली जन्म’ असतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाच वर्षांखालच्या मुलांच्या जवळपास निम्म्या मृत्यूंमागे कुपोषणाचा हात असतो. पण तो मागे असतो, दाखल्यावर नसतो. त्यामुळे ‘हे खरे नाही’ असे लिहिणारा अधिकारी कागदाच्या दृष्टीने खोटे बोलत नाही. त्याला तसे लिहिण्याची मोकळीक तुमच्या प्रश्नाने दिली.

उत्तर कसे तयार होते हे एकदा डोळ्यांपुढे आणा. प्रश्नाची सूचना स्वीकारली गेली की ती विधानमंडळ सचिवालयातून मंत्रालयात संबंधित विभागाकडे जाते. कार्यासनातला कक्ष अधिकारी ती आरोग्य सेवा आयुक्तालयाकडे पाठवतो, तिथून उपसंचालक, मग जिल्हा आरोग्य अधिकारी, मग तालुका आरोग्य अधिकारी आणि शेवटी प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथे फोन येतो, ‘एलएक्यू (विधानसभेचा प्रश्न) आलाय, संध्याकाळपर्यंत माहिती द्या.’ केंद्रातल्या ज्या माणसाकडे तो निरोप जातो, त्याच्या टेबलावर त्या दिवशी आणखी आठ तक्ते भरायचे पडलेले असतात. मोघम प्रश्नाला तो मोघम उत्तर देतो. ते वर जाताना प्रत्येक पायरीवर आणखी गुळगुळीत होते, कारण प्रत्येकाला आपल्या वरच्याला अडचणीत आणायचे नसते. मंत्र्यांच्या हातात पोचते तेव्हा त्यात बोट ठेवायला जागा उरलेली नसते.

म्हणून मी प्रश्न त्या शेवटच्या माणसाला समोर ठेवून लिहिते. त्याला नोंदवही उघडून आकडा जसाच्या तसा उतरवावा लागेल, मत द्यावे लागणार नाही, असा प्रश्न हवा. आकडा नोंदवहीत आहे हे आपल्याला आधीच माहीत असेल, तर तो वाटेत बदलणे कठीण जाते.

तुमचाच प्रश्न मी असा लिहिला असता:

‘(१) अमुक तालुक्यात १ एप्रिल ते ३० सप्टेंबर या कालावधीत उपजत मृत्यू, ० ते २८ दिवस, २९ दिवस ते १ वर्ष आणि १ ते ६ वर्षे या गटांत प्रत्येकी किती मृत्यूंची नोंद झाली आहे, (२) त्यांपैकी किती बालकांची मृत्यूपूर्वीच्या शेवटच्या मोजणीत सॅम वा मॅम अशी नोंद अंगणवाडीत होती, (३) त्यांपैकी किती बालके ग्राम बालविकास केंद्रात वा पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल केली होती व किती मृत्यू घरी वा वाटेत झाले, (४) किती मृत्यूंचे अन्वेषण बालमृत्यू अन्वेषण समितीने पूर्ण केले व उर्वरित प्रकरणी विलंबाची कारणे काय आहेत?’

‘सॅम’ म्हणजे तीव्र कुपोषित आणि ‘मॅम’ म्हणजे मध्यम कुपोषित मूल. यात ‘कुपोषणामुळे’ हा शब्द एकदाही नाही. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या भागांची उत्तरे शेजारी शेजारी ठेवली की जे कळायचे ते कळते. चौदा मुलांची तीव्र कुपोषित अशी नोंद होती आणि त्यातली दोनच पुनर्वसन केंद्रात पोचली होती, असे उत्तर आले तर त्यावर भाषण करावे लागत नाही.

‘सॅम’ आणि ‘मॅम’ मी मुद्दाम लिहिले. नुसते ‘कुपोषित’ म्हटले की विभाग आपल्या सोयीची मोजपट्टी घेतो. वयाच्या मानाने वजन कमी असणे वेगळे, उंचीच्या मानाने वजन कमी असणे वेगळे. सॅम ठरवताना उंचीच्या मानाने वजन पाहतात, किंवा दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी आहे का ते पाहतात. एकाच गावातली मुले या दोन फुटपट्ट्यांनी मोजली तर संख्या वेगळी येते. तुम्ही एकदा अंगणवाडीत जाऊन ती दंडघेराची पट्टी हातात घ्या. लाल, पिवळा, हिरवा असे तीन रंग असतात तिच्यावर. दीड वर्षाच्या मुलाच्या दंडाभोवती ती गुंडाळल्यावर खूण लाल भागात येते तेव्हा काय वाटते, ते अनुभवल्याशिवाय या विषयावर प्रश्न लिहू नका, असे मी माझ्याबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

आकड्यांबाबत हा आग्रह धरण्याला महाराष्ट्रात मोठा इतिहास आहे. १९९२ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या जव्हार भागात वावर-वांगणीला मुले दगावली तेव्हा राज्य हादरले. मेळघाटातल्या धारणी आणि चिखलदरा तालुक्यांचा प्रश्न नव्वदच्या दशकापासून उच्च न्यायालयापुढे आहे. २००३ मध्ये राज्य सरकारने डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. त्याआधीच बंग आणि त्यांच्याबरोबरच्या संस्थांनी गावोगाव मोजणी करून दाखवून दिले होते की सरकारी नोंदीतले बालमृत्यू आणि प्रत्यक्षातले बालमृत्यू यांत फार मोठी तफावत आहे. नोंदच झाली नाही तर प्रश्नाच्या उत्तरात ते मूल कधी नव्हतेच. म्हणून माझ्या प्रश्नात ‘उपजत मृत्यू’ हा गट नेहमी असतो. जन्मून तासाभरात गेलेले मूल ‘उपजत’ म्हणून लिहिले की ते बालमृत्यूच्या आकड्यातून वजा होते. एखाद्या तालुक्यात उपजत मृत्यू अचानक वाढलेले आणि पहिल्या दिवसाचे मृत्यू घटलेले दिसले, तर तिथे जाऊन आयांशी बोलायला हवे. मूल रडले होते का, एवढे एकच विचारायचे.

मेळघाटासारख्या ठिकाणी आणखी एक अडचण येते. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे म्हणून प्रश्न नाकारला जाऊ शकतो. त्यासाठी प्रश्नात याचिकेचा, न्यायालयाच्या निर्देशांचा उल्लेखच करू नये. नोंदी, पदे, खर्च एवढेच विचारावे.

आता रिक्त पदे. तुम्हाला ‘अंशतः खरे’ हे उत्तर मिळाले आणि तुम्ही निराश झालात. मी तो शब्द वाचून खूश झाले असते. कुठला अंश खरा आणि कुठला नाही, हे विचारायला त्या शब्दाने दार उघडून दिले आहे. पण इथेही आधी शब्द नीट घ्यायला हवेत. मंजूर, भरलेली आणि हजर या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्याची दोन पदे मंजूर असतात. कागदावर दोन्ही भरलेली. प्रत्यक्षात एक डॉक्टर जिल्ह्याच्या ठिकाणी प्रतिनियुक्तीवर, दुसरे पदव्युत्तर शिक्षणासाठी गेलेले, आणि शेजारच्या केंद्राचे डॉक्टर ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून आठवड्यातून दोनदा येऊन सह्या करतात. ‘किती पदे रिक्त आहेत’ या प्रश्नाला इथले खरे उत्तर ‘एकही नाही’ असे येते. त्यामुळे विचारायचे असे: केंद्रनिहाय मंजूर पदे किती, त्यांवर नियमित, बंधपत्रित (शिक्षणानंतर ठरावीक काळ सरकारी सेवा बंधनकारक असलेले) आणि कंत्राटी किती, प्रतिनियुक्तीवर बाहेर किती, दीर्घ रजेवर वा अनधिकृत गैरहजर किती, आणि मुख्यालयी राहतात किती. शेवटचा मुद्दा दुर्गम भागासाठी जीवनमरणाचा आहे. बाळंतपण रात्री दोन वाजता होते.

लोकसंख्येचे निकषही हाताशी ठेवा. सपाट भागात ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आदिवासी आणि डोंगराळ भागात २०,००० मागे एक. उपकेंद्र अनुक्रमे ५,००० आणि ३,००० मागे. तुमच्या दोन तालुक्यांची लोकसंख्या घेऊन भागाकार करा. निघालेला आकडा मंजूर केंद्रांपेक्षा जास्त असेल, तर रिक्त पदांच्या आधी मंजुरीचाच प्रश्न आहे.

कोणत्या मंत्र्यांना विचारायचे, यात नवे लोक हमखास चुकतात. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र जिल्हा परिषदेकडे, तिथे जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. दोन्हींच्या वर सार्वजनिक आरोग्य विभाग. पण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचे, महापालिकेचे रुग्णालय महापालिकेचे म्हणजे वर नगरविकास, अंगणवाडी महिला व बालविकासाची, आश्रमशाळा आदिवासी विकासाची. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात एका दिवसात १८ रुग्ण दगावले, ते रुग्णालय ठाणे महापालिकेचे. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बालके होती, ते रुग्णालय वैद्यकीय शिक्षणाचे. लोकांच्या दृष्टीने दोन्ही ‘सरकारी दवाखाने’. पण आरोग्यमंत्र्यांना प्रश्न दिला असता तर त्यांनी ‘ही बाब या विभागाशी संबंधित नाही’ म्हटले असते आणि ते बरोबर ठरले असते. १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी रुग्णालयांत उपचार मोफत झाले, तो निर्णयसुद्धा सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांपुरता होता. आमच्याकडे एक बाई मेडिकल कॉलेजच्या पावत्या घेऊन आल्या होत्या. टीव्हीवर मोफत म्हणून सांगितले आणि इथे पैसे का घेतले, हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. तो सभागृहात योग्य विभागाला नेऊन विचारणे हे आपले काम.

एखादा विषय तीन-चार विभागांत विखुरलेला असेल तर काय करायचे, याचे मला माहीत असलेले सगळ्यात चांगले उदाहरण बीडचे आहे. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जात आहेत, हे २०१९ च्या उन्हाळ्यात बातम्यांतून राज्यभर गाजले. जूनमध्ये पावसाळी अधिवेशनात विधान परिषदेत डॉ. नीलम गोऱ्हे यांनी तो विषय उपस्थित केला. तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी उत्तरात आकडा दिला: बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. गोऱ्हे स्वतः सत्ताधारी पक्षाच्या होत्या, हे लक्षात घ्या. प्रश्न विचारणे हे फक्त विरोधकांचे काम आहे असे तुमच्या ताईंना कुणी सांगत असेल तर हे उदाहरण द्या.

तो आकडा सभागृहाच्या कामकाजात नोंदला गेला म्हणून विषय पुढे सरकला. गोऱ्हे यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. मंत्र्यांचा पहिला आकडा फक्त तीन वर्षांचा आणि खासगी रुग्णालयांचा होता. बाईला विचारत गेल्यावर चित्र किती मोठे निघाले ते पाहा. उत्तरात आकडा आला की तो कुठल्या काळाचा, कुठल्या संस्थांचा आणि त्यात कोण सुटले, हे लगेच वहीत लिहायची सवय लावून घ्या. पुढचा प्रश्न तिथूनच निघतो.

या प्रकरणात आरोग्य विभागाने जे करायचे ते एका टोकाचे होते: खासगी रुग्णालयाने शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असा निर्बंध बीडमध्ये आला. पण बाई त्या टेबलापर्यंत का पोचते, याचे उत्तर आरोग्य विभागाकडे नाही. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, म्हणजे मजुरीची एक जोडी. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दोघांच्या नावावर घेतलेली. एक दिवस काम बुडाले की ‘खाडा’, त्याचे पैसे कापले जातात. पाळीत दुखते, अंगावर पांढरे जाते, फडावर आडोसा नाही, पाणी नाही, डॉक्टर नाही. अशा वेळी ‘पिशवी काढून टाक, कटकट मिटेल’ हा सल्ला तिला सुटकेचा वाटतो. म्हणून एकाच आठवड्यात वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या विभागांना प्रश्न जायला हवेत. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ सामाजिक न्याय विभागाकडे आहे, त्यांना नोंदणी आणि ओळखपत्रांबद्दल विचारायचे. कामगार विभागाला उचल आणि खाड्याबद्दल. सहकार विभागाला साखर कारखान्यांच्या तळांवरच्या पाणी-शौचालयांबद्दल. महिला व बालविकासाला स्थलांतरित मुलांच्या अंगणवाडीबद्दल. चारही उत्तरे एकत्र ठेवली की लक्षवेधी सूचनेचा मसुदा आपोआप तयार होतो. तिथे मंत्र्यांना निवेदन करावे लागते आणि त्यावर प्रश्न विचारता येतात.

गिरणीतल्या बाळंतिणीला पगारी विश्रांती मिळावी यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात बोलले होते, आणि पुढच्या वर्षी तसा कायदा झाला. फडावरच्या बाळंतिणीला आजही खाडा पडतो. हे मी प्रश्नाच्या मसुद्यात कधी लिहीत नाही, पण मसुदा लिहिताना डोक्यात असते.

आता सभागृहातला क्षण. प्रश्नोत्तराच्या तासात पाच-सात प्रश्न निघाले तरी खूप, त्यामुळे तुमचा पुकारला जाईलच असे नाही. पण पुकारला गेला तर ताईंना मिळतो तो मिनिट-दीड मिनिट. त्यात पाठ केलेले भाषण करू नका. छापील उत्तरातला एक धागा धरून उपप्रश्न विचारायचा, तोही एकच आणि शक्य तर असा की ज्याचे उत्तर तारखेत किंवा संख्येत द्यावे लागेल.

एक प्रसंग सांगते. आमच्या आमदारांनी एका दुर्गम केंद्रातल्या रुग्णवाहिकेबद्दल प्रश्न दिला होता. बाळंतपणासाठी नेताना एक बाई वाटेत गेली होती. खासगी जीप मिळायला तीन तास लागले होते. छापील उत्तर आले: ‘सदर केंद्रास रुग्णवाहिका उपलब्ध आहे.’ तेही खरेच होते, गाडी केंद्राच्या आवारात उभी होती. मी आठवडाभर आधी तिथे जाऊन आले होते. पुढचे एक चाक विटांवर, काचेवर धूळ, आणि गाडीखाली कोंबड्यांनी केलेला खळगा. आमदार उठले आणि एवढेच म्हणाले, ‘अध्यक्ष महाराज, रुग्णवाहिका उपलब्ध आहे याबद्दल मी मंत्रिमहोदयांचा आभारी आहे. तिच्या लॉगबुकात शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे, तेवढे सांगावे.’ मंत्र्यांनी मागे अधिकारी दीर्घेकडे पाहिले. चिठ्ठी आली नाही. अध्यक्षांनी प्रश्न राखून ठेवला. पुढच्या आठवड्यात उत्तर आले तेव्हा त्यात तारीख होती: सात महिन्यांपूर्वीची. चालकाच्या कंत्राटाचे नूतनीकरण झाले नव्हते आणि डिझेलचे देयक थकले होते. दोन्ही गोष्टी महिन्याभरात सुटल्या.

त्या बाईच्या घरी आम्ही नंतर गेलो होतो. तिच्या सासूने विचारले, गाडीचे तेल इतके महाग असते का? मी उत्तर देऊ शकले नाही.

मंत्र्यांनी सभागृहात ‘चौकशी केली जाईल’, ‘तपासून पाहू’, ‘माहिती पटलावर ठेवू’ असे म्हटले की ते आश्वासन धरले जाऊ शकते. कामकाजाचा वृत्तांत मिळाल्याबरोबर ते वाक्य तारखेसह वेगळ्या वहीत उतरवा आणि शासकीय आश्वासन समितीकडे त्याचा पाठपुरावा करा. ‘सकारात्मक विचार करू’ एवढ्यावर खाली बसू नये. ‘कधीपर्यंत’ हा एक शब्द ताईंनी उभ्या उभ्या जोडावा. उत्तर अपुरे वाटले तर अर्धा तास चर्चा मागता येते. नुसती माहिती हवी असेल तर अतारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचे उत्तर फक्त लेखी येते तो, पुरतो, आणि माझ्या मते नव्या आमदाराने पहिल्या वर्षी तारांकितपेक्षा अतारांकित प्रश्नांवर जास्त मेहनत घ्यावी. त्यात टाळ्या नसतात, पण केंद्रनिहाय तक्ते मिळतात. पुरवणी मागण्यांच्या वेळी, म्हणजे सरकार जादा खर्चाला मंजुरी मागते तेव्हा, तेच तक्ते उपयोगी पडतात. कॅगचे, म्हणजे सरकारी खर्चाच्या लेखापरीक्षकांचे, आरोग्यावरचे अहवालही चाळा, त्यात जिल्ह्यांची नावे घेऊन दोष दाखवलेले असतात.

औषधांच्या बाबतीत एकच सुचवते. ‘औषधांचा तुटवडा आहे काय’ असे विचारू नका, जिल्हा भांडारात साठा असला की ‘तुटवडा नाही’ हे उत्तर येते. पाच औषधे निवडा: सर्पदंशावरचे प्रतिविष, श्वानदंशाची लस, ऑक्सिटोसिन, मॅग्नेशियम सल्फेट आणि लोहाच्या गोळ्या. केंद्रनिहाय यांचा साठा किती दिवस शून्य होता, ते विचारा. ई-औषधी प्रणालीत ही नोंद असते.

शेवटी एका गोष्टीबद्दल कळकळीने सांगायचे आहे, कारण ती माझ्या हातून घडली आहे. चौथ्या वर्षी मी एका उपकेंद्राचे नाव घालून प्रश्न लिहिला. त्यात एका महिन्यातल्या बाळंतपणांचा आणि रक्तस्रावाच्या दोन रुग्णांचा इतका नेमका तपशील होता की माहिती कुठून आली हे वाचणाऱ्याला लगेच कळले. आठ दिवसांत तिथल्या आरोग्यसेविकेला कारणे दाखवा नोटीस आली आणि दोन महिन्यांनी तिची बदली झाली, मुलीच्या दहावीच्या वर्षी. तिने मला विश्वासाने वही दाखवली होती. तिने मला कधी दोष दिला नाही. पण त्यानंतर त्या भागातली एकही सेविका आमच्याशी मोकळेपणाने बोलली नाही.

तेव्हापासून मी नियम केला आहे. एका गावातून कळलेली गोष्ट नेहमी पूर्ण तालुक्यासाठी, शक्य असेल तर जिल्ह्यातल्या सगळ्या तालुक्यांसाठी विचारायची. माहिती आपल्याला आधी कळलेली असली तरी माहितीच्या अधिकारात रीतसर मागवून घ्यायची, म्हणजे प्रश्नामागे अधिकृत कागद राहतो. रुग्णाचे नाव, गाव, वय एकत्र कधीच लिहायचे नाही, गर्भपिशवीच्या किंवा गर्भपाताच्या प्रकरणात तर नाहीच. आशा आणि अंगणवाडी सेविका यांच्याकडून मोबाइलवर फोटो मागवायचे नाहीत. आपण स्वतः जाऊन पाहायचे.

तुमच्या अधिवेशनाला अजून वेळ आहे. दोन्ही तालुक्यांतली मिळून सहा उपकेंद्रे निवडा, रस्त्यालगतची दोन आणि आतली चार. गावात लसीकरणाचा आणि गरोदर बायकांच्या तपासणीचा दिवस असेल त्या दिवशी जा, कारण आया तेव्हा तिथे आलेल्या असतात. ताईंना बरोबर न्या, पण गाड्यांचा ताफा आणि कार्यकर्ते नकोत. बसायला चटई मागा, खुर्ची नको. आल्यावर मसुदा लिहा आणि मला पाठवा, मी वाचून देईन.